युद्धकाळात रुग्णवाहिकेवरच्या स्वयंसेवकाचा दिवस नेमका कसा जातो?

आपण विचारले आहे की, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेल्या आणि मोठी गाडी चालवता येणाऱ्या माणसाने युद्धक्षेत्रात रुग्णवाहिकेवर स्वयंसेवक म्हणून जायचे ठरवले, तर त्याचा रोजचा दिवस कसा असतो, आणि रक्त पाहून आपण डगमगत नाही एवढी तयारी पुरेशी आहे का. मी हे काम आधी मदतनीस म्हणून आणि पुढे पथकप्रमुख म्हणून केले आहे, नव्या स्वयंसेवकांना शिकवलेही आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मला वाटते, आपल्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. रक्ताची भीती बहुतेकांच्या बाबतीत पहिल्या काही दिवसांतच मागे पडते, कारण हातांना काम मिळाले की डोळ्यांना भ्यायला सवड राहत नाही. कसोटी लागते ती वेगळ्याच ठिकाणी. कित्येक तास काहीही न घडता गेल्यावर, झोप अपुरी असताना, कालच्याच रस्त्यावरून कालच्याच केंद्राकडे पुन्हा निघायची वेळ आली, तर गाडी आणि आपण दोघेही त्या क्षणी निघण्याच्या स्थितीत आहोत का, हा तो प्रश्न. रुग्णवाहिकेवरच्या दिवसातला फार मोठा भाग ही तयारी टिकवण्यात जातो, आणि या कामात टिकणारा माणूस कोण हे मी त्यावरूनच ओळखायला शिकलो.

बरेच काही परिस्थितीवर अवलंबून असते, हे आधीच सांगतो. आघाडीच्या जवळ जखमींना उचलणाऱ्या पथकाचा दिवस, वेढ्यात सापडलेल्या शहरातल्या पथकाचा दिवस आणि आघाडीपासून दूर पण हवाई हल्ल्यांच्या टप्प्यात असलेल्या शहरातला दिवस, हे तीन वेगळे दिवस आहेत. जखमी माणूस सहसा एकाच गाडीतून थेट मोठ्या रुग्णालयात जात नाही. जागेवर पहिली मदत, मग जवळचे केंद्र जिथे त्याचा रक्तस्राव आणि श्वास सांभाळला जातो, मग शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय आणि गरज पडली तर तिथून आणखी लांबचे रुग्णालय, अशी ती साखळी असते. नव्या स्वयंसेवकाला बहुधा या साखळीच्या मागच्या कड्यांवर, म्हणजे केंद्र ते रुग्णालय किंवा रुग्णालय ते रुग्णालय अशा फेऱ्यांवर नेमतात. काहींना तो कमीपणा वाटतो. माझे मत उलट आहे. त्या फेऱ्या लांब असतात, रुग्ण गंभीर असतो आणि तासन्‌तास त्याच्याजवळ आपण एकटेच असतो, त्यामुळे शिकायला तिथेच सर्वांत जास्त मिळते.

दिवस सुरू होतो तो गाडीच्या तपासणीने. आमच्याकडे ही तपासणी दोघांनी करायची पद्धत होती. एकाने यादी मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रत्येक वस्तूला हात लावून उत्तर द्यायचे. केवळ पाहून ‘आहे’ म्हणायला मनाई होती, कारण खोका जागेवर असतो आणि आतली वस्तू मागच्या पाळीने वापरलेली असते. ऑक्सिजनचे उदाहरण घ्या. १० लिटरच्या सिलिंडरमध्ये १५० बार दाब असेल, तर त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो, आणि मिनिटाला १५ लिटर या वेगाने तो १०० मिनिटे पुरतो. शांततेच्या काळात हा हिशेब कोणी फारसा करत नाही, कारण रुग्णालय पाऊण तासाच्या आत येतेच. युद्धात पूल पडलेला असतो, रस्ता बंद असतो, नाक्यावर अडवून ठेवलेले असते आणि तीच फेरी तीन तासांची होते. म्हणून काट्यावरचा आकडा वाचला की लगेच त्याचे मिनिटांत रूपांतर करायची सवय लावून घ्यावी लागते.

गाडीच्या बाबतीतही असेच आहे. डिझेलची टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, कारण पंप केव्हा बंद पडेल आणि वळसा किती लांबचा पडेल हे कोणालाच सांगता येत नाही. रस्त्यावर काचा, खिळे आणि स्फोटाचे धारदार तुकडे पसरलेले असतात, त्यामुळे टायर इतर कशाहीपेक्षा लवकर दगा देतात. स्टेपनी दोन असाव्यात आणि चाक बदलणे पथकातल्या प्रत्येकाला अंधारात जमले पाहिजे. टूर्निकेट, म्हणजे हातापायाचा रक्तस्राव थांबवण्यासाठी आवळायचा पट्टा, पाकिटातून काढून एका हाताने लावता येईल असा घडी करून ठेवायचा, आणि पथकातल्या सर्वांनी तो अंगावर ठरलेल्या एकाच जागी बाळगायचा. आपणच जखमी झालो तर सहकाऱ्याला तो आपल्या अंगावर शोधत बसावे लागू नये, एवढाच त्यातला हेतू.

तपासणी आटोपली की वाट पाहणे सुरू होते. हा भाग आधी कोणी समजावून सांगत नाही आणि नव्या माणसाला तोच सर्वांत जड जातो. केंद्रावर बसून रेडिओ ऐकायचा, बॅटऱ्या चार्ज करायच्या, गॉज आणि बँडेजचे संच बांधायचे, रस्त्यांचा नकाशा कालच्या माहितीनुसार दुरुस्त करायचा, पाणी भरून ठेवायचे. जेवण मिळेल तेव्हा जेवायचे आणि जमेल तेव्हा झोपायचे, ‘नंतर बघू’ हा विचार इथे चालत नाही. बूट नेहमी एकाच जागी, दोऱ्या सैल करून ठेवायचे. छाती-पाठीच्या संरक्षक प्लेट्ससह बुलेटप्रूफ जॅकेट १० किलोच्या आसपास भरते आणि ते घालून स्ट्रेचर उचलायचे असते, म्हणून मोकळ्या वेळात थोडा व्यायाम नियमाने करणारी माणसे पुढे पाठीच्या दुखण्याने कमी आजारी पडतात. वाट पाहण्याच्या वेळेत काही जण सतत फोनवर युद्धाच्या बातम्या पाहत बसतात. मी पथकप्रमुख असताना पाळीच्या वेळी हे बंद करायला लावत असे. बातम्यांनी माणूस निघण्याआधीच थकतो, आणि आपल्याला जी माहिती हवी असते, म्हणजे कोणता रस्ता चालू आहे आणि कोणत्या रुग्णालयात जागा आहे, ती बातम्यांत नसते.

आता हाका कसल्या येतात ते सांगतो, कारण इथे बहुतेकांची कल्पना वस्तुस्थितीपासून दूर असते. युद्धातल्या रुग्णवाहिकेत जखमींपेक्षा आजारी माणसेच जास्त बसतात, निदान मी जिथे काम केले तिथे तरी असेच होते. युद्ध सुरू झाले म्हणून कोणाचा मधुमेह थांबत नाही, बाळंतपणे पुढे ढकलली जात नाहीत, आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून साधारण तीनदा डायलिसिस लागतेच. दवाखाने बंद पडलेले, औषधांची दुकाने रिकामी आणि वीज गेल्याने इन्सुलिन थंड ठेवण्याची सोय नाही, अशा वेळी जे आजार एरवी घरच्या घरी आटोक्यात असतात ते जिवावर बेततात. तरुण मुले गाव सोडून गेलेली असतात आणि मागे उरलेले वृद्ध पूर्णपणे रुग्णवाहिकेवर अवलंबून असतात.

एका वृद्ध गृहस्थांना आम्ही तिसऱ्या मजल्यावरून खाली आणत होतो. श्वास लागलेला, पायांना सूज, ओठ निळसर. तोफांचे आवाज जवळ येत होते आणि तरीही ते दाराची कडी धरून थांबले होते, कारण किल्ली सापडत नव्हती आणि कुलूप लावल्याशिवाय ते घर सोडायला तयार नव्हते. माझ्या सहकारिणीने त्यांच्याशी वाद घातला नाही. तिने त्यांना ऑक्सिजन लावून खुर्चीवर बसवले, किल्ली शोधली, त्यांच्यादेखत कुलूप लावले आणि किल्ली त्यांच्या मुठीत दिली. त्यानंतर ते निमूटपणे आले. दोन-तीन मिनिटे गेली, पण ओढाताण झाली असती तर जिन्यात त्यांचा श्वास आणखी चढला असता आणि त्याहून जास्त वेळ गेला असता. या कामातले कौशल्य पुष्कळदा अशाच ठिकाणी लागते.

हल्ल्यानंतरच्या हाकेचे शास्त्र मात्र वेगळे आहे आणि ते काटेकोर आहे. पहिला नियम असा की जागेवर धावत सुटायचे नाही. एकाच ठिकाणी थोड्या वेळाने दुसरा हल्ला करण्याचे प्रकार अनेक युद्धांत घडले आहेत, आणि त्यात मदतीला आलेलेच मारले जातात. म्हणून थोडे अलीकडे, भिंतीच्या आडोशाला थांबायचे, पुढच्या हालचालीची परवानगी रेडिओवरून घ्यायची आणि गाडी उभी करताना तिचे तोंड बाहेरच्या दिशेला ठेवायचे, म्हणजे निघताना मागे-पुढे करत बसावे लागत नाही. चालकाने शक्यतो गाडी सोडू नये. जमिनीवर पडलेल्या कोणत्याही अनोळखी वस्तूला हात लावू नये. जखमी सैनिकाला गाडीत घेण्याआधी त्याच्या अंगावरचे शस्त्र, दारूगोळा आणि हातबाँब त्याच्याच साथीदारांकडून काढून घ्यायला लावावे.

एकाच वेळी अनेक जखमी असले, तर सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्याकडे आधी जाण्याची ओढ होते. जो ओरडतो त्याचा श्वास चालू आहे, हे स्वतःला बजावावे लागते. जो गप्प पडला आहे त्याच्याकडे आधी पाहायचे. वर्गवारीची जी सोपी पद्धत शिकवली जाते तीत चालू शकणाऱ्यांना बाजूला बोलावतात, मग उरलेल्यांचा श्वास, नाडी आणि सांगितलेले समजते का हे पाहतात. मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास, मनगटाची नाडी न लागणे किंवा साधी सूचना न पाळता येणे, यांपैकी काहीही आढळले तरी तो माणूस तातडीच्या, म्हणजे लाल गटात जातो. पिवळा गट थोडा वेळ थांबू शकतो आणि हिरवा गट आणखी थांबू शकतो. काळा गट हा मृतांचा किंवा त्या परिस्थितीत वाचवता न येणाऱ्यांचा असतो. कोणाला काळ्या गटात टाकायचे हा निर्णय नव्या स्वयंसेवकावर एकट्याने येऊ नये, अशी व्यवस्था चांगल्या पथकात असते. मात्र तो निर्णय झाल्यावर त्या माणसाला मागे ठेवून दुसऱ्याला उचलण्याचे काम आपल्यालाच करायचे असते, आणि त्याची तयारी मनाने आधीच करावी लागते.

उपचारांचा क्रमही शांततेच्या काळातल्या प्रथमोपचारापेक्षा थोडा वेगळा आहे. आपण श्वासमार्ग आधी हे शिकला असाल, तर इथे जोरदार रक्तस्राव त्याच्याही आधी येतो, कारण मांडीची मोठी रोहिणी तुटलेला माणूस काही मिनिटांत जातो. टूर्निकेट जखमेपासून ५ ते ७ सेंटिमीटर वर, म्हणजे हृदयाच्या बाजूला लावायचा, सांध्यावर लावायचा नाही, रक्त पूर्ण थांबेपर्यंत आवळायचा आणि लावल्याची वेळ स्पष्ट दिसेल अशी लिहायची. तो खूप दुखतो आणि रुग्ण सैल करण्यासाठी विनवतो, तरीही मध्येच सैल करायचा नाही. साधारण २ तासांपर्यंत तो बऱ्यापैकी सुरक्षित मानतात आणि पुढचा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा असतो. काखेत, जांघेत किंवा मानेवर तो लावता येत नाही. तिथे जखमेत गॉज ठासून भरून काही मिनिटे घट्ट दाबून धरावे लागते.

त्यानंतर श्वासमार्ग, छाती, रक्ताभिसरण आणि मग एक गोष्ट जी सर्वांत जास्त विसरली जाते, ती म्हणजे ऊब. खूप रक्त गेलेल्या माणसाचे शरीर उन्हाळ्यातही थंड पडते. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की रक्त नीट गोठत नाही, रक्त गोठले नाही की आणखी वाहते, आणि ऊतींना ऑक्सिजन न मिळाल्याने रक्तातली आम्लता वाढते. या तिन्ही गोष्टी एकमेकींना वाढवत नेतात. जखमा पाहण्यासाठी कपडे कापायचे, पण पाहून झाले की लगेच झाकायचे. रुग्णाच्या खाली थंड जमीन राहू द्यायची नाही, ओले कपडे काढायचे आणि गाडीतला हीटर आपल्याला घाम फुटेपर्यंत चालू ठेवायचा. पांघरूण घालायला कोणतीही पदवी लागत नाही. नव्या स्वयंसेवकाच्या हातून होणाऱ्या उपचारांत याइतका मोलाचा उपचार थोडाच असेल.

काही औषधांच्या बाबतीत घड्याळ निर्णायक असते. रक्ताची गुठळी टिकवून धरणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा फार मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या विश्लेषणातून असे दिसले की जखम झाल्यापासून ३ तासांच्या आत ते दिले तर जीव वाचतात, आणि त्यानंतर दिले तर अपाय होऊ शकतो. ते आपण द्यायचे नसले, तरी जखम नेमकी किती वाजता झाली हे विचारून लिहून ठेवण्याचे काम आपले आहे. पुढच्या डॉक्टरांना ही माहिती दुसरीकडून मिळण्याचा मार्ग पुष्कळदा नसतो.

कोसळलेल्या इमारतीखाली अडकलेल्यांविषयी एक इशारा देतो. पाय तासन्‌तास ओझ्याखाली चिरडलेला माणूस चांगला बोलत असतो, आणि ओझे उचलल्यावर थोड्याच वेळात त्याचे हृदय थांबू शकते, कारण चिरडलेल्या स्नायूंतले पोटॅशियम एकदम रक्तात येते. त्यातून वाचलेल्यांची मूत्रपिंडे पुढे निकामी होऊ शकतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवरच्या बाँबवर्षावातल्या अशा रुग्णांवरून १९४१ मध्ये डॉक्टरांनी हे नीट नोंदवले. म्हणून अशा माणसाला ओढून काढण्याची घाई न करता, शक्य असेल तिथे ओझे उचलण्याआधी सलाइन सुरू करता येईल असा माणूस बोलवायचा. स्फोटाच्या जवळ असलेल्या पण बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसालाही ‘तुम्ही बरे आहात’ असे म्हणून घरी पाठवायचे नाही. स्फोटाच्या दाबाने फुप्फुसाला इजा झाली असेल, तर धाप लागायला वेळ जाऊ शकतो.

आपल्याला मोठी गाडी चालवता येते, म्हणून सांगतो की इथे वेगाला दुसरे स्थान आहे. फुटलेल्या हाडांच्या माणसाला प्रत्येक खड्डा नव्याने जखमी करतो, आणि मागे उभा असलेला सहकारी तोल सांभाळत रक्त दाबून धरून असतो. चांगला चालक खड्डा येण्याआधी मागे सांगतो, ब्रेक हळूहळू दाबतो आणि माऱ्याच्या टप्प्यातला उघडा पट्टा तेवढा वेगाने ओलांडतो. रात्री दिवे मंद किंवा बंद ठेवून जावे लागले तर तो रस्ता दिवसा पायाखालून घातलेला असावा. तपासणी नाक्यावर गाडी हळू करायची, आतला दिवा लावायचा, हात दिसतील असे ठेवायचे आणि बोलायचे एकानेच. सैनिक घाबरलेला असतो, हे लक्षात ठेवले तर आपला आवाज आपोआप खाली राहतो.

रुग्णालयात पोहोचल्यावर रुग्ण सुपूर्त करणे हा स्वतंत्र भाग आहे. इजा कशाने झाली, कोणकोणत्या जखमा आढळल्या, नाडी-श्वास काय होते आणि आपण काय केले, हे चार मुद्दे याच क्रमाने, अर्ध्या मिनिटात, एकदाच आणि स्पष्ट सांगायचे. रुग्णाचे नाव कळले असेल तर ते मनगटावरच्या पट्टीवर लिहायचे. नाव कळले नसेल तर तो कोणत्या जागी सापडला ते लिहायचे. युद्धात कुटुंबे एकमेकांना शोधत फिरत असतात आणि पट्टीवरच्या त्या एका ओळीवरून आई मुलापर्यंत पोहोचते. एकटे सापडलेले मूल असेल तर ही नोंद दोन ठिकाणी करा आणि मुलाला नोंदीशिवाय कोणाच्याही स्वाधीन करू नका, समोरचा माणूस कितीही भला वाटला तरी.

फेरी संपली की सफाई, आणि तिच्यात कुचराई चालत नाही. सांडलेले रक्त आधी पुसून काढायचे, मग ०.५ टक्के क्लोरीनचे द्रावण घालून १० मिनिटे ठेवायचे आणि नंतर पाण्याने धुवायचे. द्रावण रोज ताजे करावे लागते. स्ट्रेचरच्या गादीचा वरचा भाग सगळेच पुसतात. रक्त साचते ते पट्ट्यांच्या बकलांच्या आत, चाकांच्या खोबणीत आणि गादीच्या शिवणीत, आणि दुसऱ्या दिवशी वास येतो तो तिथून. बकल सुकलेल्या रक्ताने अडकले, तर पुढच्या रुग्णाला उतरवताना ते उघडत नाही. मी नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात मुद्दाम हे काम देत असे, आणि तो बकल उघडून आतून पुसतो का याकडे लक्ष ठेवत असे.

आता निःपक्षपातीपणाबद्दल, कारण त्यावर आपली सुरक्षितता आणि अधिकार दोन्ही उभे आहेत. १८५९ च्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर हजारो जखमी बेवारस पडलेले पाहून आंरी द्युनां (हेन्री ड्युनंट) या स्विस व्यापाऱ्याने रेड क्रॉसची जी चळवळ सुरू केली, तिच्यातून १८६४ चा पहिला जिनिव्हा करार झाला. जखमींना आणि रुग्णवाहिकांना संरक्षण मिळाले ते तिथून. १९४९ च्या करारात स्पष्ट म्हटले आहे की उपचारांचा क्रम केवळ वैद्यकीय निकडीवरून ठरेल, म्हणजे शत्रूचा गंभीर जखमी आपल्या किरकोळ जखमीच्या आधी येतो. १९७७ च्या पूरक करारांनी हे संरक्षण नागरी वैद्यकीय वाहनांपर्यंत वाढवले. या संरक्षणाची किंमतही आहे. गाडीतून शस्त्रे किंवा धडधाकट लढवय्ये नेता येत नाहीत, वाटेत दिसलेल्या सैन्याच्या जागा कोणाला सांगता येत नाहीत, फोटो काढून ते कुठेही प्रसिद्ध करता येत नाहीत. एका गाडीने हा नियम मोडला की त्या भागातली प्रत्येक गाडी संशयाखाली येते. हे संरक्षण प्रत्यक्षात नेहमी पाळले जात नाही हेही खरे आहे. ते पाळले जात नव्हते म्हणूनच ३ मे २०१६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला वैद्यकीय पथकांवरील हल्ल्यांविरुद्ध ठराव क्रमांक २२८६ करावा लागला. गाडीवरचे चिन्ह हे चिलखत नाही, हे मनात पक्के ठेवूनच बाहेर पडायचे.

मनावर काय परिणाम होतो, हे आपण विचारलेले नाही, पण ते विचारायला हवे होते. झोप तुटते, चिडचिड होते, घरच्यांशी बोलायला शब्द राहत नाहीत. प्रत्येक घटनेनंतर सर्वांना सक्तीने बसवून सगळे पुन्हा सांगायला लावण्याची पद्धत आता योग्य मानत नाहीत. उपयोगी पडते ते असे की सहकारी जवळ असावा, पाळी वेळेवर संपावी, सुट्टी खरोखर मिळावी आणि ज्याला बोलायचे आहे त्याला बोलता यावे. काही आठवडे उलटूनही झोप येत नसेल किंवा तीच दृश्ये पुन्हा पुन्हा समोर येत असतील, तर तज्ज्ञाकडे जायचे. आमच्या पथकात कोणीही ‘आज मी गाडीवर नको’ असे सकाळी सांगू शकत असे आणि त्याला कारण विचारले जात नसे. हा नियम मी आजही सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण जो हे सांगू शकत नाही तो दुपारी गाडीत गोठून जातो आणि त्याचा भार दुसऱ्यावर पडतो.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर, दिवसाचा मोठा भाग तपासणी, वाट पाहणे, सफाई आणि नोंदी यांत जातो, बहुतेक रुग्ण आजारी असतात, आणि जखमींच्या बाबतीत रक्त, ऊब आणि वेळ या तीन गोष्टी सांभाळणे हेच आपले मुख्य काम असते.

आपली सध्याची तयारी पुरेशी आहे का, याचे माझे उत्तर ‘अजून नाही, पण होऊ शकते’ असे आहे. आधी जिथे आहात तिथल्या रुग्णवाहिका सेवेत काही महिने रात्रपाळी करा. दिवसपाळीपेक्षा रात्रपाळी मुद्दाम सांगतो, कारण थकव्यात आपण सहकाऱ्याशी कसे वागतो ते तिथे कळते. युद्धातल्या जखमांचे, विशेषतः टूर्निकेट आणि जखम ठासून भरण्याचे, प्रत्यक्ष सराव असलेले प्रशिक्षण घ्या. हिपॅटायटिस बीच्या तीन मात्रा साधारण ०, १ आणि ६ महिन्यांनी घ्याव्या लागतात, म्हणजे ही तयारी निघण्याच्या आठवड्यात होत नाही. धनुर्वाताची लस चालू आहे ना, तेही पाहा. तिथली भाषा येत नसेल तर ‘कुठे दुखते’, ‘श्वास घ्या’, ‘हलू नका’, ‘नाव काय’ एवढी वाक्ये तरी पाठ करा. एकट्याने, कोणत्याही संस्थेशिवाय, सीमा ओलांडून जाऊ नका. असे आलेले लोक पथकावर भार होतात आणि पकडले गेले तर त्यांच्या बाजूने बोलायला कोणी नसते.

ज्या संस्थेकडून जाणार असाल तिला काही प्रश्न लेखी विचारा. मी जखमी झालो तर मला कोण, कुठे आणि कोणत्या गाडीतून नेणार? विमा युद्धक्षेत्रात लागू आहे का, आणि अपंगत्व आले तर काय? जॅकेट आणि हेल्मेट कोण देणार? पाळी किती तासांची, आणि किती आठवड्यांनी सक्तीची सुट्टी? एखाद्या फेरीला धोका पाहून नकार देण्याचा अधिकार पथकाला आहे का, आणि तो नकार कोणाकडे नोंदवायचा? परिस्थिती बिघडली तर माघारीचा निर्णय कोण घेतो? यांपैकी विम्याचे, नकाराच्या अधिकाराचे आणि माघारीचे उत्तर जी संस्था टाळेल, तिच्याबरोबर जाऊ नका, मग तिचे काम कितीही मोठे असो. उत्तरे मिळाली तर ती इथे लिहा. ती वाचून मला जे वाटेल ते मी मोकळेपणाने सांगेन.